घर क्रमांक २०४

‘याव मेनु? याव क्रॉसु?’

मेट्रोच्या राजाजीनगर स्टेशनखाली रिक्षावाल्याने विचारलं. मी पुण्याच्या सवयीने पत्ता सांगायला लागले. आधी गणपतीचं देऊळ, त्याच्या पुढे बेकरी, बेकरीसमोर पिवळा बंगला... त्याने हात वर करून मला थांबवलं. देऊळ नको, बेकरी नको. कितवा मेन आणि कितवा क्रॉस, तेवढंच सांगा. ताईला फोन लावला, दोन आकडे विचारून घेतले, त्याला सांगितले. वाटेत एकदाही कुणाला न विचारता त्याने मला बरोबर दारात उतरवलं.

राजाजीनगर हे बेंगळुरूच्या पश्चिम अंगाचं, चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या नावाचं उपनगर. देश नुकता स्वतंत्र झाला होता तेव्हा कारखाने आणि कामगारांची घरं यांच्यासाठी ते आखलं गेलं. ‘आखलं’ हा शब्द इथे अगदी पट्टी-पेन्सिलीच्या अर्थाने घ्यायचा. एका दिशेने जाणारे ते मेन, त्यांना छेदणारे ते क्रॉस. रस्त्यांना नावं पुढे मिळत गेली, पण माणसं अजून आकड्यांनीच बोलतात. दोन आकडे दिले की जागा पक्की. देकार्त नावाच्या फ्रेंच माणसाने १६३७मध्ये भूमितीत हेच केलं आणि आपल्या सगळ्यांच्या मागे आलेखाचा कागद लागला.

मी इथे आले ती संपादकांमुळे. यंदाच्या अंकाचा विषय त्यांनी एका शब्दात कळवला होता: ‘अवघड’. पाठोपाठ फोन आला. ‘गणित तुम्ही घ्या. शाळेतलं नको, आजचं. ते साध्या वाचकापर्यंत नेणारी माणसं नेमकं काय करतात, जाऊन बघा.’ मी म्हटलं, दहावीला मी गणितात काठावर पास झालेली बाई आहे. ‘म्हणूनच,’ म्हणाले.

रिक्षावाल्याचं वर्तुळ

ताई, म्हणजे माझी मावसबहीण, लग्न होऊन इथे आली त्याला तीस वर्षं झाली. भाओजी जालहळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. भाची दहावीत आहे. घरात मराठी, दारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी असा तिचा तिहेरी कारभार. मी कशासाठी आले आहे ते कळल्यावर तिने चौकटींची वही काढली आणि पहिल्याच संध्याकाळी माझी परीक्षा घेतली.

‘मावशी, हे आपलं घर. रिक्षा घरांवरून उडत जाऊ शकत नाही, रस्त्यानेच जाणार. तर आपल्या घरापासून बरोबर चार गल्ल्या अंतरावरचे सगळे कोपरे मला दाखव.’

मी टिंबं काढत गेले. चार सरळ पुढे. तीन पुढे, एक उजवीकडे. दोन पुढे, दोन उजवीकडे. अशी सोळा टिंबं झाली. ती जोडली तर वहीत टोकावर उभी राहिलेली एक शंकरपाळी तयार झाली.

‘हे वर्तुळ आहे,’ ती म्हणाली.

मी हसले, पण ती हसली नाही. वर्तुळ म्हणजे काय, तिने विचारलं. मध्यापासून सारख्या अंतरावर असलेल्या सगळ्या जागा, मी पाठ केलेलं सांगितलं. मग हे काय आहे? आपल्या घरापासून सारख्या अंतरावर असलेल्या सगळ्या जागाच की! फक्त अंतर मोजलं ते कावळ्याने नाही, रिक्षावाल्याने. आता याचा परीघ मोज. शंकरपाळीच्या एका टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत रिक्षाने जायचं तर चार गल्ल्या उभ्या आणि चार आडव्या, म्हणजे आठ. अशा चार बाजू, म्हणजे बत्तीस. व्यास आठ. बत्तीसला आठने भागलं की राजाजीनगरचा पाय मिळतो: चार. तीन पूर्णांक एक-चार-एक-पाच वगैरे भानगडच नाही.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. शाळेत दहा वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं की अंतर कसं मोजायचं हे आपण ठरवायचं असतं, आणि ते ठरवलं की वर्तुळाचा आकारसुद्धा बदलतो. विसाव्या शतकाच्या गणिताची एक मोठी वाट इथूनच सुरू होते. १९०६मध्ये मॉरिस फ्रेशे या फ्रेंच गणितज्ञाने प्रश्न उलटा केला. अंतर किती, हे राहू द्या. अंतर म्हणवून घ्यायला एखाद्या गोष्टीने काय काय पाळायला हवं? उत्तर तीन साध्या अटींचं निघालं. दोन वेगळ्या जागांमधलं अंतर शून्य नसावं. इथून तिथे जितकं, तितकंच तिथून इथे असावं. आणि मध्ये तिसरीकडे वाकडी वाट करून गेलं तर अंतर कमी होऊ नये. एवढं पाळलं की ते अंतर, मग ते दोन गावांमधलं असो, दोन शब्दांमधलं असो की दोन आलेखांमधलं. (बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांनी दुसरी अट केव्हाच मोडली आहे. इथल्या एकेरी रस्त्यांमुळे ताईच्या घरून बाजार जितका लांब, त्याहून बाजारातून घर जास्त लांब.)

टाळ्या

दुसऱ्या दिवशी सकाळी भाओजींबरोबर फिरायला निघाले. दारोदार रांगोळ्यांचे ठिपके पडत होते. ठिपके आणि रांगोळ्या संपल्या की पाट्या सुरू होतात: अबॅकस, वेदिक मॅथ्स, झटपट गुणाकार. यातला बहुतेक माल वेगाचा आहे. सत्त्याण्णव गुणिले अठ्ठ्याण्णव चुटकीसरशी, बाजूचं पोर वही उघडायच्या आत.

वेगाची सर्वांत मोठी कलावंत याच शहराची. शकुंतलादेवी १९२९ साली बेंगळुरूत जन्मल्या. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत तोंडी केला. त्या कर्तबगारीला माझा नमस्कार आहे. पण पाहणाऱ्याच्या हाती काय उरलं, असं विचाराल तर टाळ्या. आकडे बाईंच्या डोक्यात गेले आणि तिथूनच बाहेर आले. मध्ये काय झालं ते प्रेक्षकाला कळायची सोय नव्हती. गणिताविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांनी तीच रीत उचलली आहे. रामानुजन किती थोर, शून्य कसं आपलं, अमक्याला कसलं मोठं पदक मिळालं. वाचक मान डोलावतो, पान उलटतो, आणि गणित होतं तिथेच राहतं.

मला या शहराचं अप्रूप वाटतं ते वेगळ्या कारणाने. शास्त्रीय संशोधनाच्या मोठ्या संस्था इथे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गणिताबद्दल वाचायची इच्छा असणाऱ्या माणसासाठी इथून किती नियतकालिकं निघतात हे फारसं ठाऊक नसतं. भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ १९९६पासून निघतं. त्यात सगळी शास्त्रं असतात, गणितही. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’ २०१२पासून शाळेतल्या शिक्षकांसाठी निघतं. आणि जानेवारी २०१७पासून ‘भावना’ हे त्रैमासिक, निव्वळ गणिताला वाहिलेलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बेंगळुरूच्या केंद्रातले सी. एस. अरविंद हे त्याचे संस्थापक-संपादक. नेटवर ते कुणालाही फुकट वाचता येतं.

‘भावना’चे अंक मी ताईच्या जेवणाच्या टेबलावर चार रात्री वाचले. त्यातल्या गणितज्ञांच्या मुलाखती आपल्या दिवाळी अंकांना लाजवतील इतक्या लांब असतात. घर, शाळा, कुठल्या मास्तरांनी कोणतं पुस्तक हातात दिलं, कुठे अडलं, किती वर्षं अडलं. मग हळूच गणित सुरू होतं आणि मी मागे पडते. पण मागे पडण्याआधी एवढं कळलेलं असतं की हा माणूस कशाच्या मागे लागला आहे आणि ते त्याला का सुटत नाही. एखाद्या मैफलीत राग ओळखता न येताही आपण बसून राहतो ना, तसं. सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट फक्त गणिताच्या वाट्याला का यावा?

पण निव्वळ बसून राहणंही पुरेसं नाही. त्या त्रैमासिकाच्या नावातच जे आहे, ते मला हातात हवं होतं. भावना म्हणजे काय?

कढई आणि कोडं

त्याचं उत्तर एका मासिकातल्या कोड्यातून जातं. लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकाच्या डिसेंबर १९१४च्या अंकात ते छापून आलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं, म्हणून कोड्यातलं गावही बेल्जियममधलं, लूव्हेन. केंब्रिजला शिकणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिसांनी ते वाचलं आणि रामानुजनना वाचून दाखवलं. रामानुजन तेव्हा स्वतःच्या खोलीत कढईत भाजी परतत होते. महालनोबिस पुढे भारतीय संख्याशास्त्राचे जनक ठरले; पण तेव्हा ते बिचारे आकडे घालून पाहून उत्तरापर्यंत पोचले होते. रामानुजननी भाजी हलवता हलवता सांगितलं: लिहून घे. आणि एक उत्तर न सांगता, त्या जातीच्या सगळ्या कोड्यांची सगळी उत्तरं एका सूत्रात सांगितली.

कोडं असं. एका रस्त्यावर एका ओळीत घरं आहेत; क्रमांक एकपासून सुरू. एक घर असं आहे की त्याच्या एका बाजूच्या सगळ्या घरांच्या क्रमांकांची बेरीज दुसऱ्या बाजूच्या बेरजेइतकी भरते. रस्त्यावर घरं पन्नासहून जास्त, पाचशेहून कमी. तर घर कितवं?

भाचीला आणि मला ताईच्याच क्रॉसवर हे करून पाहायचं होतं. पण बेंगळुरूत दारावर ‘जुना क्रमांक’ आणि ‘नवा क्रमांक’ असे दोन-दोन आकडे असतात, आणि दोन्ही एका ओळीत येतील याची कुणी हमी देत नाही. मग फूटपाथवर खडूने आमचीच घरं आखली. आठ घरांचा रस्ता. सहाव्या घरासमोर उभं राहा. डावीकडे एक ते पाच, बेरीज पंधरा. उजवीकडे सात आणि आठ, पंधरा. जमलं! शेजारच्या आजी रांगोळीचा डबा हातात घेऊन आमच्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं आम्ही लंगडीचं अंगण आखतोय.

आठ घरांपर्यंत बोटांवर होतं. पुढचा रस्ता किती घरांचा? नऊ, दहा, अकरा घालत बसलो तर कुठलंच जमत नाही. इथे महालनोबिस थांबतात आणि भावना सुरू होते.

भावना म्हणजे

घराच्या क्रमांकाची दुप्पट करा: बारा. एकूण घरांची दुप्पट करून त्यात एक मिळवा: सतरा. आता बाराचा वर्ग दुप्पट करून त्यात एक मिळवला की २८९ येतात, आणि सतराचा वर्गही २८९. हे योगायोगाने होत नाही. कोड्यातल्या प्रत्येक खऱ्या उत्तराला असं होतंच. म्हणजे अशा जोड्या शोधायच्या की पहिलीचा वर्ग, दोनपट, अधिक एक, बरोबर दुसरीचा वर्ग.

सर्वांत लहान जोडी दोन आणि तीन. दोनचा वर्ग चार, दुप्पट आठ, अधिक एक नऊ. ही कुठल्या रस्त्याची? एकाच घराच्या. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. दोन्ही बाजू समान. भाचीला हे फार आवडलं.

जोडीतल्या पहिलीला आपले जुने गणिती ‘कनिष्ठ’ म्हणत आणि दुसरीला ‘ज्येष्ठ’. आता दोन जोड्या एकाखाली एक लिहा. दोन्हीकडे तीच घेतली तरी चालते:

२, ३
२, ३

कनिष्ठ-ज्येष्ठ तिरपे गुणा आणि बेरीज करा: दोन त्रिक सहा, दोन त्रिक सहा, बारा. हे नवं कनिष्ठ. या तिरप्या गुणाकाराला ‘वज्राभ्यास’ असं झोकदार नाव आहे, विजेच्या तिरक्या रेघेसारखा म्हणून असेल. मग कनिष्ठ-कनिष्ठ गुणून दुप्पट करा, आठ, ज्येष्ठ-ज्येष्ठ गुणा, नऊ, बेरीज सतरा. हे नवं ज्येष्ठ. बारा आणि सतरा! आठ घरांचा रस्ता हातात आला.

आता बारा-सतराखाली पुन्हा दोन-तीन लिहा. वज्राभ्यास: बारा त्रिक छत्तीस, सतरा दुणे चौतीस, सत्तर. दुसरी बाजू: बारा दुणे चोवीस, दुप्पट अठ्ठेचाळीस, सतरा त्रिक एक्कावन्न, नव्व्याण्णव. सत्तरचा अर्धा पस्तीस. नव्व्याण्णवमधून एक वजा, त्याचा अर्धा एकोणपन्नास. म्हणजे एकोणपन्नास घरांचा रस्ता, पस्तिसावं घर. दोन्ही बाजूंना ५९५. ‘स्ट्रँड’ला पन्नासहून जास्त घरं हवी होती, म्हणून अजून एक फेरी. ४०८ आणि ५७७. घर क्रमांक २०४, रस्त्यावर घरं २८८.

दोन उत्तरं एकत्र करून तिसरं उत्तर ‘भावित’ करायचं, ती ही भावना. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८मध्ये ती लिहून ठेवली. रामानुजननी कढईपाशी सांगितलेलं सूत्र वेगळ्या रूपातलं होतं, पण ते चालतं याच वाटेने.

दोनऐवजी दुसरी संख्या घेतली की खेळ अवघड होतो. एकसष्ट घेतली तर भयंकर होतो. कनिष्ठाचा वर्ग, एकसष्टपट, अधिक एक, बरोबर ज्येष्ठाचा वर्ग. याचं सर्वांत लहान उत्तर आहे कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. आकडे घालून पाहणाऱ्याचं आयुष्य सरेल. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७मध्ये हेच एकसष्ट युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकलं. त्याआधी पाचशे वर्षं, १२व्या शतकाच्या मध्यावर, भास्कराचार्यांनी भावनेला ‘चक्रवाल’ पद्धतीची जोड देऊन ते सोडवून बीजगणितात लिहून ठेवलं होतं.

इथे छाती फुगवून थांबायची आपल्याकडे पद्धत आहे. मला पुढे जायचं आहे, कारण खरी गंमत पुढे आहे.

भाचीने विचारलं, ‘मावशी, भावना उलटी करता येते का? सत्तर-नव्व्याण्णववरून मागे बारा-सतराला?’ येते. दोन-तीनऐवजी उणे दोन आणि तीन खाली लिहा आणि तीच कृती करा. एक पाऊल मागे. दोन-तीनलाच उणे दोन-तीन लावलं तर शून्य आणि एक उरतं. ही अशी जोडी की कुणालाही लावा, काही बदल होत नाही. म्हणजे दोन उत्तरं एकत्र केली की उत्तरच मिळतं, काहीही न बदलणारी एक जोडी असते, आणि केलेलं प्रत्येक पाऊल पुसता येतं. एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी हेच गुण वेगळे काढले आणि त्यांना ‘गट’ असं नाव दिलं. आजचं बीजगणित, स्फटिकांचा अभ्यास, मूलकणांचं पदार्थविज्ञान, फोनवरच्या निरोपांचं कुलूप, सगळीकडे हे गट आहेत. भाचीने तो प्रश्न विचारला तेव्हा गट म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. तिने तो फूटपाथवर खडूने शोधला.

गाउसने १८०१मध्ये भावनेसारखीच रचना खूप मोठ्या पटावर मांडली आणि ती दोनशे वर्षं जवळजवळ तशीच राहिली. मग मंजुल भार्गव आले. त्यांचे आजोबा जयपूरचे संस्कृत पंडित. ब्रह्मगुप्ताची ही कल्पना भार्गवांना लहानपणापासून ओळखीची. त्यांनी दोन बाय दोन बाय दोनचा छोटा रूबिक घन डोळ्यांपुढे आणला आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ संख्या ठेवल्या. घन उभा, आडवा आणि समोरून अशा तीन दिशांनी कापता येतो. प्रत्येक कापातून गाउसच्या जातीची एक राशी निघते, आणि त्या तिन्ही एकत्र केल्या की ‘काही न बदलणारं’ उरतं. गाउसला जे सांगायला पानंच्या पानं लागली ते एका खेळण्यात बसलं, आणि त्याशिवाय अशा कितीतरी नव्या रचना सापडल्या. २०१४मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं.

पदकाची बातमी मराठी वर्तमानपत्रांत मोठी आली होती. घनाबद्दल मी तेव्हा एक ओळही वाचली नव्हती.

घाण्यामागे पळीभर तेल

भास्कराचार्यांचं नाव निघालं आणि मला पाटण आठवलं. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी, पाटणादेवीचं रान. पावसाळ्यात मी तिथे गेले आहे; धबधबे पाहायला आलेल्या गर्दीतल्या कुणाला गणिताचं काही पडलेलं नसतं, आणि मलाही तेव्हा नव्हतं. तिथल्या शिलालेखाकडे विद्वानांचं लक्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये वेधलं. लेख १३व्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सरदारांनी त्याला जमिनीचं दान दिलं.

लेखाचा पहिला, स्तुतीचा भाग संस्कृतात आहे. शेवटी मठाच्या रोजच्या खर्चाची व्यवस्था येते आणि लेख मराठीत उतरतो. बाजारात आलेल्या मालातून मठाला किती, गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल. थोरवी संस्कृतात आणि हिशेब मराठीत! ज्यांच्याकडून तेल घ्यायचं त्या तेल्याला ते वाचून दाखवता यायला हवं ना. चक्रवाल त्याला कुणी समजावून सांगितलं असेल का, देव जाणे. पण दिव्यात तेल त्याचं होतं.

आजही हिशेब तोच आहे. संशोधन संस्था कराच्या पैशावर चालतात. बेंगळुरूत आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र नेहरू तारांगणाबरोबर ‘कापी विथ क्युरिऑसिटी’ नावाची व्याख्यानं कुणालाही खुली ठेवतं, त्यात गणितही येतं. पळीभर तेलाची ही परतफेड आहे असं मी म्हणेन.

इप्पत्तोंदु

ताईच्या घरातला एक जुना वाद जेवताना पुन्हा निघाला. भाचीला मराठी आकडे येत नाहीत. म्हणजे येतात, पण एकोणसत्तर म्हटलं की ती थबकते, मनात कन्नडात जाते आणि परत येते. कन्नडात तो ‘अरवत्तोंबत्तु’, साठ-नऊ. एकवीस म्हणजे ‘इप्पत्तोंदु’, वीस-एक. जसं लिहिता तसं बोलता. ‘मराठीत आधी एक म्हणायचा आणि वीस नंतर, आणि लिहायचं मात्र उलटं. एकोणसत्तरला तर सत्तर म्हणून वर एक काढून घ्यायचा. कशाला?’

२०१९च्या जूनमध्ये महाराष्ट्रात या ‘कशाला’वरून केवढं रान उठलं होतं! दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं म्हणून. टिंगल विधानसभेपर्यंत पोचली. गणिताच्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. टाटा संस्थेत संशोधन केलेल्या, ‘गणितगप्पा’ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’ लिहिणाऱ्या, घरकामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांना स्वतः शिकवणाऱ्या. त्या सांगत राहिल्या की जुनी पद्धत रद्द केलेली नाही, जोडाक्षरांत अडणाऱ्या मुलांसाठी दुसरी वाट दिली आहे. ऐकून कोण घेतो? मंगलाताई जुलै २०२३मध्ये गेल्या. मला स्वतःला एकोणसत्तर जिवापाड आवडतं, ते जाऊ नये असं वाटतं. पण त्या वादात एक बाई सोडली तर दुसरीतल्या मुलाच्या शेजारी बसून पाहिलेलं कुणी नव्हतं, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आता ताईच्या टेबलावर बसून जास्तच झालं.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचंही असंच. ६१७४ या संख्येची करामत त्यांनी शोधली तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांनी तो पोरखेळ मानला. त्यांना जगभर पोचवलं मार्टिन गार्डनर यांनी, ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या मार्च १९७५च्या सदरात. गार्डनर यांच्याकडे गणिताची पदवी नव्हती. मासिकात लिहिणारा माणूस, आमच्यातला.

सोळा पत्ते

दिवाळीत घरी पत्ते निघतीलच, म्हणून हे. एक्का, राजा, राणी, गुलाम, चारही रंगांचे: सोळा पत्ते. चार ओळी, चार रांगा लावा. अट अशी की प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत चारही चित्रं एकेकदाच यावीत आणि चारही रंगही एकेकदाच. पोरांना बसवा, अर्धा तास घर शांत राहील. जमतं.

पाच प्रकार, पाच रंग घेतले तरी जमतं. सहाला जमत नाही. ऑयलरने १७८२मध्ये सांगितलं की सहाला जमणार नाही, आणि अंदाज केला की दहा, चौदा, अठरा यांनाही नाही. ऑयलरचा शब्द, पावणेदोनशे वर्षं तो कुणी खोटा पाडू शकलं नाही. १९५९मध्ये तिघांनी पाडला: राज चंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे. दहाला जमतं, आणि सहाच्या पुढे सगळ्यांनाच जमतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी २६ एप्रिल १९५९ला पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे सागरला जन्मले, पुढे मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवत होते आणि एप्रिल २०२०मध्ये वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी वारले. टाळेबंदीत ती बातमी कुठे गेली कळलंही नाही. ज्या मांडणीपायी ऑयलर चुकला तीच आज शेतीच्या प्रयोगांत कुठल्या वाफ्यात कुठलं बी आणि कुठलं खत टाकायचं हे ठरवताना वापरतात.

निघायच्या दिवशी सकाळी पाहिलं तर फूटपाथवरची आमची खडूची घरं पाण्याने धुतली गेली होती आणि त्या जागी आजींची ठिपक्यांची रांगोळी होती. भाची शाळेच्या बसची वाट बघत वहीत वज्राभ्यास करत होती. ४०८-५७७च्या खाली दोन-तीन. बस यायच्या आत तिचं झालं होतं: २३७८ आणि ३३६३. म्हणजे १,६८१ घरांचा रस्ता, घर क्रमांक १,१८९.

त्याच्या पुढचं घर मी इथे देत नाही. कृती वर आहे, अंकाच्या मागच्या पानावर जागा कोरी आहे. काढलंत तर संपादकांना कळवा. त्यांनाही अजून ते आलेलं नाही.